तीन दुकानं विकली, कारखाना जळाला, तेव्हा कुठं टोस्टरला मापाची स्लाइस मिळाली

जुने टोस्टर दुरुस्त करण्याचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आले असतील. अमेरिकेतला एखादा गडी ७० वर्षांपूर्वीचा टोस्टर घेऊन बसलेला असतो. खालची पत्र्याची प्लेट उघडली की मूठभर काळा चुरा टेबलावर पडतो. मग तो कापडाचं वेष्टन असलेली जुनी वायर काढतो, नवी जोडतो, क्रोमचा पत्रा घासून आरशासारखा करतो आणि शेवटी ब्रेडच्या दोन स्लाइस खाचेत सोडतो.

खरी गंमत इथून पुढं असते. या टोस्टरला दाबायचा दांडाच नसतो. स्लाइस टाकली की ती लिफ्टमध्ये बसल्यासारखी आपली आपण खाली जाते, भाजून झाली की तशीच सावकाश वर येते. ना खटका, ना उडी.

हा टोस्टर म्हणजे सनबीम कंपनीचा टी-२०. तो बाजारात आला १९४९ साली. त्याच्या पोटात मोटार नाही. स्लाइसच्या वजनानं आतला खटका दबतो आणि वीज सुरू होते. तापलेली तार किंचित लांबते. ते केसभर लांबणं आतल्या तरफा मोठं करतात आणि स्लाइस खाली उतरते. ब्रेडच्या पृष्ठभागातून येणारी उष्णता शेजारची धातूची पट्टी टिपत असते. ब्रेड पुरेसा भाजला की वीज बंद होते, तार थंड होऊन आखडते आणि स्लाइस वर येते. आज संग्राहक या टोस्टरवर जीव टाकतात, ते काही उगाच नाही.

पण या सगळ्या करामतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खाचेत पडणारी स्लाइस एकसारखी असली पाहिजे. खाचेपेक्षा जाड असेल तर ती आत जाणारच नाही. फारच पातळ आणि हलकी असेल तर खटका दबणार नाही. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर अर्धी करपणार आणि अर्धी कच्ची राहणार.

मग १९४९ साली कंपनीनं हे गृहीत कसं धरलं? तर त्याआधी वीस-एकवीस वर्षं एका माणसानं अमेरिकेच्या ब्रेडला माप लावून दिलं होतं. त्याचं नाव ऑटो फ्रेडरिक रोवेडर. स्लाइस ब्रेडचा जनक म्हणून अमेरिकेत त्याला ओळखतात. विशेष म्हणजे तो बेकरीवाला नव्हता. तो दागिने आणि घड्याळं विकायचा.

रोवेडरचा जन्म ७ जुलै १८८० चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. घराणं जर्मन वंशाचं. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा. लहानपण डॅव्हेनपोर्ट गावात गेलं. मिसिसिपी नदीच्या काठचं हे गाव. पोरानं आधी एका जवाहिऱ्याकडं उमेदवारी केली. मग शिकागोला जाऊन डोळे तपासण्याचं शिक्षण घेतलं आणि १९०० साली पदवी मिळवली. दागिने, घड्याळं आणि चष्मे हे तिन्ही धंदे त्या काळात एकाच दुकानात चालायचे, त्यामुळं हा अभ्यास वाटतो तितका वेगळा नव्हता. तिन्ही ठिकाणी काम बारीक आणि मापाचं.

पुढं त्यानं मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ शहरात बस्तान बसवलं. एकाची दोन, दोनाची तीन अशी त्याची दागिन्यांची तीन दुकानं झाली. लग्न झालं, बायकोचं नाव कॅरी. घरदार, पैसा, गावात पत, सगळं जागेवर होतं. आपल्याकडं अशा माणसाला लोक सांगतात की बाबा, आता गप बस आणि गल्ला सांभाळ.

पण गड्याच्या डोक्यात १९१२ च्या सुमाराला भलतंच खूळ शिरलं होतं. अख्खा ब्रेड एका दमात कापणारं मशीन बनवायचं.

आज हे खूळ वाटणार नाही. म्हणून तेव्हा अमेरिकेच्या स्वयंपाकघरात काय चाललं होतं, ते बघायला पाहिजे.

घरी ब्रेड भाजणं मागं पडत होतं आणि बेकरीतून, कारखान्यातून ब्रेड घेणं वाढत होतं. कारखान्याचा ब्रेड मऊ. दुकानात लोक पाकीट दाबून बघायचे, जितका मऊ तितका ताजा. त्यामुळं बेकऱ्याही तो अजून मऊ करत चालल्या होत्या. आता मऊ ब्रेडवर सुरी चालवून बघा. तो कापला जाण्याआधी चेपतो. रोज सकाळी घरातली बाई हा उद्योग करायची आणि कितीही हात बसला तरी एक स्लाइस जाड, दुसरी पातळ, तिसरी तिरकी यायची.

त्याच सुमाराला विजेचा टोस्टर घरात येऊ लागला होता. १९०५ च्या आसपास अल्बर्ट मार्श नावाच्या माणसानं निकेल आणि क्रोमियम मिसळून निक्रोम हा धातू तयार केला होता. लाल होईपर्यंत तापवली तरी निक्रोमची तार लवकर जळून तुटत नाही. आजही तुमच्या टोस्टरमध्ये, गिझरमध्ये, इस्त्रीत तिचीच भावंडं आहेत. ही तार मिळाली आणि १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं डी-१२ नावाचा टोस्टर विकायला काढला. त्यात ब्रेडची एकच बाजू भाजायची. मग हातानं उलटवायचा, आणि नजर हटली की कोळसा.

म्हणजे तार आली होती, वीज आली होती, टोस्टर आला होता. मापाची स्लाइस तेवढी नव्हती.

रोवेडरनं कामाला लागण्याआधी एक हुशारी केली. स्लाइस किती जाड हवी हे त्यानं स्वतः ठरवलं नाही. त्यानं वर्तमानपत्रांतून थेट गृहिणींना विचारलं. हजारो बायकांनी उत्तरं पाठवली. त्यातून जे माप निघालं ते अर्ध्या इंचापेक्षा किंचित कमी, म्हणजे साधारण १२ मिलिमीटरच्या आत. आज मार्केट रिसर्च म्हणून ज्याचे पैसे मोजतात, ते या माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी पत्रांवर करून घेतलं होतं.

बेकरीवाल्यांना मात्र ही कल्पना पटली नाही. त्यांचं म्हणणं होतं की कापलेला ब्रेड सुकणार. यात चुकीचं काही नव्हतं. ब्रेडचं वरचं कवच आतला ओलावा धरून ठेवतं. तुम्ही त्याचे वीस काप केले की चाळीस उघड्या बाजू तयार होतात आणि प्रत्येक बाजूनं ओलावा उडून जातो. शिवाय स्लाइस सुट्या झाल्या की कागदात गुंडाळायच्या कशा, हा दुसरा प्रश्न. या दोन गोष्टींची उत्तरं मिळाल्याशिवाय मशीन कुणी घेणार नव्हतं.

रोवेडरनं आधी सोपा मार्ग धरला. त्या काळी बायका टोपी केसांत घट्ट बसावी म्हणून लांब पिना वापरायच्या. तशाच पिना खोचून कापलेला ब्रेड एकत्र धरून ठेवायचा, म्हणजे हवा आत शिरायला फट राहणार नाही. ऐकायला भारी वाटतं, पण पिना टिकून राहीनात. ब्रेडमधून पिना काढत नाश्ता करायची कल्पना लोकांना कितपत रुचली असती, हाही प्रश्नच आहे.

मशीनला पैसा लागत होता. फावल्या वेळात होणारं हे काम नव्हतं. मग १९१६ मध्ये त्यानं मोठा निर्णय घेतला. तिन्ही दुकानं विकली आणि बिऱ्हाड उचलून परत डॅव्हेनपोर्टला आला. वय ३६. चालता धंदा मोडून माणूस ब्रेड कापायच्या मशीनमागं लागला म्हटल्यावर नातेवाईक काय म्हणाले असतील याची कल्पना मराठी माणसाला वेगळी द्यायला नको.

आराखडे तयार झाले, नमुना मशीन तयार झालं. शेजारच्या इलिनॉय राज्यात मॉनमथ नावाचं गाव आहे, तिथल्या एका कारखान्यात मशीन बनवायचं ठरलं. सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं.

आणि १९१७ मध्ये तो कारखाना जळाला.

नमुना मशीन गेलं आणि आराखडेही गेले. आज आपण फाइल क्लाउडवर ठेवतो, नाहीतर स्वतःलाच मेल करून ठेवतो. तेव्हा कागद जळला म्हणजे काम जळलं. दुकानं आधीच विकलेली, म्हणजे मागं फिरायलाही जागा नाही. हातात उरलं होतं ते फक्त डोक्यात असलेलं मशीन.

रोवेडरच्या आयुष्यातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा काळ इथून सुरू होतो. नव्यानं पैसा उभा करण्यात आणि मशीन पुन्हा आकाराला आणण्यात जवळजवळ दहा वर्षं गेली. ३७ वर्षांचा माणूस ४७ वर्षांचा झाला. संशोधकांच्या गोष्टी सांगताना ही दहा वर्षं एका ओळीत उरकतात, कारण त्यात सांगण्यासारखं नाट्य घडत नाही.

याच दहा वर्षांत टोस्टर मात्र पुढं निघून गेला होता. मिनेसोटातल्या एका कारखान्यात चार्ल्स स्ट्राइट नावाचा मेकॅनिक काम करायचा. कॅन्टीनमध्ये रोज करपलेला टोस्ट मिळतो म्हणून वैतागून त्यानं आपोआप बंद होणारा टोस्टर शोधला, असं सांगतात. वेळ झाली की वीज बंद आणि स्प्रिंगच्या जोरावर टोस्ट वर. त्याला १९२१ मध्ये पेटंट मिळालं. पुढं १९२६ मध्ये त्यावरून घरगुती टोस्टमास्टर बाजारात आला. किंमत १२.५० डॉलर, म्हणजे त्या काळात चांगलीच दणदणीत.

आता बघा, टोस्टरला खाच आली. खाचेची रुंदी ठरलेली असते. आधीच्या उघड्या टोस्टरमध्ये जाडजूड तुकडाही कसाबसा टेकवता यायचा, खाचेत ते चालत नाही. सुरीनं कापलेला वेडावाकडा तुकडा आत अडकतो, अडकला की करपतो आणि करपला की मग आपोआप बंद होणाऱ्या टोस्टरचा उपयोग काय? टोस्टर जितका शहाणा होत गेला, तितकी त्याला शिस्तीतल्या स्लाइसची गरज वाढत गेली.

रोवेडरनं १९२७ मध्ये नवं मशीन उभं केलं. सुमारे ५ फूट लांब आणि ३ फूट उंच असं हे धूड होतं. एका बाजूनं अख्खा ब्रेड सरकवायचा, समोर ओळीनं लावलेली पोलादी पाती, त्यांतून तो पार झाला की एकाच दमात सगळ्या स्लाइस तयार. ब्रेड सुकतो या जुन्या तक्रारीवर आता त्याच्याकडं उत्तर होतं. मशीन ब्रेड कापायचं आणि लगेच गुंडाळायचंही. कापल्यावर हवा लागायला वेळच द्यायचा नाही.

तरीही घ्यायला कुणी तयार होईना. मोठ्या बेकऱ्यांना ते फार बोजड वाटलं. लोकांना कापलेला ब्रेड हवाय कुठं, असाही एक सूर होता.

शेवटी उपयोगी पडला तो जुना मित्र. फ्रँक बेंच त्याचं नाव. मिझुरी राज्यात चिलिकॉथी नावाचं लहानसं गाव आहे, तिथं त्याची बेकरी होती आणि ती बुडायला आली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडणारे दोघं होते आणि काडी होती ५ फुटांची. बेंचनं मशीन बसवायला होकार दिला.

तारीख होती ७ जुलै १९२८. त्या दिवशी चिलिकॉथीत मशीननं कापलेला ब्रेड पहिल्यांदा विक्रीला आला. नाव होतं क्लीन मेड स्लाइस्ड ब्रेड. योगायोग असा की त्याच दिवशी रोवेडरला ४८ वर्षं पूर्ण झाली.

गावातल्या वर्तमानपत्रानं आदल्या दिवशी बातमी दिली, सोबत पानभर जाहिरात. बातमीदारानं स्लाइसचं माप दिलं, अर्ध्या इंचाला किंचित कमी, आणि सुरीनं कुणालाही जमणार नाही इतके काप एकसारखे आहेत असं लिहिलं. जाहिरातीत पाकीट कसं उघडायचं हे समजावून सांगावं लागलं होतं. एका टोकानं कागद उघडा, पिन काढा, हव्या तेवढ्या स्लाइस घ्या. हो, पिन होतीच, ती अजून सुटली नव्हती. ब्रेड कागदात गुंडाळून विकायला लागल्यापासून बेकरीच्या धंद्यात एवढं मोठं पाऊल पडलं नव्हतं, असा जाहिरातीचा दावा होता. म्हणजे स्लाइस ब्रेडची तुलना करायला तेव्हा गुंडाळलेला ब्रेड होता. पुढच्या काळात सगळ्या जगानं आपल्या नव्या वस्तूंची तुलना स्लाइस ब्रेडशी करायची होती.

दोन आठवड्यांत बेंचची विक्री २००० टक्क्यांनी वाढली असं सांगितलं जातं. आकडा ऐकून भुवया उंचावतात, पण बुडायला आलेल्या बेकरीची आधीची विक्री किती असणार, हेही लक्षात घ्या. एक गोष्ट नक्की, मशीनला उसंत मिळाली नाही. इतकं काम पडलं की सहा महिन्यांत ते पहिलं मशीन खिळखिळं होऊन संपलं.

दुसरं मशीन गेलं सेंट लुइस शहरात, गुस्ताव पापेनडिक या बेकरीवाल्याकडं. या माणसाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, पण रोवेडरला सोळा वर्षं न सुटलेला प्रश्न त्यानं सोडवला. कापलेला ब्रेड गुंडाळला जाईपर्यंत एकत्र राहत नव्हता. पापेनडिकनं रबर बँड लावून बघितले, पिना लावून बघितल्या. शेवटी त्यानं स्लाइस पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बसवल्या. ट्रेमुळं सगळ्या स्लाइस सरळ रेषेत राहायच्या आणि मशीनला त्या गुंडाळता यायच्या. पुठ्ठ्याचा एक तुकडा, बस्स.

यानंतर मात्र कुणी मागं वळून पाहिलं नाही. १९३० मध्ये काँटिनेंटल बेकिंग या बड्या कंपनीनं आपला वंडर ब्रेड कापून विकायला सुरुवात केली आणि स्लाइस देशभर पोचली. १९३३ पर्यंत अमेरिकेतल्या बेकऱ्या अख्ख्या ब्रेडपेक्षा कापलेला ब्रेड जास्त बनवायला लागल्या होत्या. पाच वर्षांत अख्ख्या देशाची सकाळची सवय बदलली. लहान पोरंही आता सुरीला हात न लावता स्वतःची स्लाइस स्वतः टोस्टरमध्ये टाकू शकत होती. टोस्टर कंपन्यांना दुसरं काय पाहिजे?

आपल्याकडचा पाव या गोष्टीत कुठं बसतो, असं मनात आलं असेल तर तो बसत नाही. लादीपाव हातानं तोडायचा आणि वडापावसाठी मधून चिरायचा असतो. त्याला माप नाही, त्याला टोस्टरची खाचही लागत नाही. पण मुंबईच्या फुटपाथवरचा सँडविचवाला बघा. हिरवी चटणी, बटाटा, काकडी, टोमॅटो भरून तो दोन स्लाइस चिमट्यासारख्या टोस्टरमध्ये दाबून शेगडीवर धरतो. त्या दोन स्लाइस एका मापाच्या नसत्या तर चटणी शेगडीत गेली असती.

मग रोवेडर गडगंज झाला का?

त्यानं १९२८ च्या नोव्हेंबरात पेटंटचा अर्ज केला होता. अख्खा ब्रेड एका दमात कापणाऱ्या मशीनचं ते पेटंट मंजूर झालं जुलै १९३२ मध्ये. मधल्या काळात १९२९ चा शेअर बाजार कोसळला होता आणि अमेरिका महामंदीत होती. मशीनची कल्पना सगळीकडं पोचली होती, पण भांडवल उभं करायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. १९३३ मध्ये त्यानं आपले हक्क आयोवातल्या बेटेनडॉर्फ गावच्या मायक्रो-वेस्टको कंपनीला विकले. कंपनीनं त्याला नोकरीवर घेतलं. बेकरी मशीनच्या विभागाला रोवेडरचंच नाव होतं आणि तो तिथं उपाध्यक्ष आणि विक्री व्यवस्थापक झाला.

म्हणजे ज्या वर्षी स्लाइस ब्रेडनं अख्ख्या ब्रेडला मागं टाकलं, त्याच वर्षी तिचा जनक मालकाचा नोकरदार झाला. याला अपयश म्हणावं का? ५३ व्या वर्षी मंदीत पगार, हुद्दा आणि दारावर स्वतःचं नाव मिळणं ही काही वाईट गोष्ट नव्हती. पण दुकानं विकताना त्यानं हे स्वप्न पाहिलं नसणार, एवढं म्हणता येईल.

त्याच्या कामाची खरी किंमत कळली ती दहा वर्षांनी, आणि तीही सरकारनं त्याचा शोध बंद केला म्हणून.

दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेत साखर, कॉफी, रबर सगळ्यावर रेशन होतं. अशात १८ जानेवारी १९४३ पासून सरकारनं कापलेला ब्रेड विकायला बंदी घातली. कृषिमंत्री क्लॉड विकार्ड यांच्याकडं तेव्हा युद्धकाळातल्या अन्नपुरवठ्याची जबाबदारी होती. कारण काय दिलं? कापलेला ब्रेड लवकर सुकतो, म्हणून त्याला जाड मेणकागद लागतो, आणि तो वाचवायचा आहे. १९१२ साली बेकरीवाले जे बोलत होते, तेच तीस वर्षांनी सरकारी हुकूम होऊन आलं.

लोकांनी साखर सोसली होती, रबर सोसलं होतं. हे मात्र त्यांना सोसलं नाही. एका गृहिणीनं न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून हिशेबच मांडला. नवरा आणि चार मुलं सकाळी घाईत असतात, प्रत्येकाला टोस्टसाठी दोन स्लाइस म्हणजे दहा, डब्यातल्या सँडविचसाठी आणखी वीस, आणि उरल्या वेळात स्वतःचा टोस्ट. हे सगळं घड्याळ बघत, सुरीनं कापायचं. घर शांत राहायला कापलेला ब्रेड किती गरजेचा आहे, हे साहेबांना कळायला पाहिजे, असा पत्राचा एकूण रोख होता. पंधरा वर्षांपूर्वी सगळ्या बायका हेच करत होत्या. पण एकदा सुटलेलं काम पुन्हा गळ्यात पडलं की ते दुप्पट जड होतं.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीही मध्ये पडून सुचवलं की ज्या बेकऱ्यांकडं स्वतःची मशीन आहेत त्यांना तरी कापू द्या. शेवटी ८ मार्च १९४३ ला बंदी उठली. दोन महिनेही टिकली नाही. अपेक्षेइतकी बचत झाली नाही आणि मेणकागद पुरेसा आहे, असं विकार्ड यांनी कबूल केलं.

युद्ध संपलं, कारखाने रणगाडे आणि तोफांकडून परत स्वयंपाकघराकडं वळले आणि क्रोमच्या चकचकीत टोस्टरांचा तो काळ आला ज्याच्यामागं आजचे संग्राहक लागलेत. सनबीमचा टी-२० त्यातलाच. हे टोस्टर दुरुस्त करणाऱ्यांना एक युक्ती ठाऊक असते. स्लाइस टाकली आणि ती खाली गेलीच नाही, तर टोस्टर बिघडला असं लगेच समजायचं नाही. प्लग काढायचा, तो उलटा करायचा, खाली एक स्क्रू असतो, तो थोडा फिरवायचा. म्हणजे किती वजनाला खटका दबावा हे जुळतं. टोस्टर स्लाइसशी जुळवून घेतो, इतकंच ते काम.

या निमित्तानं एक सावधगिरीचं सांगायला पाहिजे. असा अमेरिकन टोस्टर कुणी हौसेनं भारतात आणलाच तर तो थेट आपल्या सॉकेटमध्ये लावू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तार क्षणात जाईल. शिवाय त्या काळच्या काही टोस्टरच्या वायरीत ॲस्बेस्टॉस असतं आणि अर्थिंगची पिन नसते. दिवाणखान्यात ठेवायला मात्र उत्तम.

रोवेडर १९५१ मध्ये निवृत्त झाला. वय ७१. कॅरीला घेऊन तो मिशिगन राज्यातल्या अल्बियन गावी राहायला गेला. तिथं त्याची मुलगी आणि बहीण राहत होत्या. याच काळात अमेरिकेत एखाद्या नव्या वस्तूचं फारच कौतुक करायचं असेल तर स्लाइस ब्रेडनंतर एवढं भारी काही झालंच नाही, अशा अर्थानं बोलायची पद्धत रूढ होत गेली. गंमत म्हणून वापरलेला हा दाखला पुढं टीव्ही, कॉम्प्युटर आणि मोबाईललाही लागला. ८ नोव्हेंबर १९६० ला रोवेडर गेला. वयाची ८० वर्षं त्याच जुलैत पूर्ण झाली होती. अल्बियनच्या रिव्हरसाइड स्मशानभूमीत त्याची कबर आहे.

चिलिकॉथी गावाचं काय झालं, हे अजून विचित्र आहे. गाव विसरून गेलं. आपल्याकडं पहिल्यांदा कापलेला ब्रेड विकला गेला, हे तिथल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. मिशिगनमधलं बॅटल क्रीक हे शहर तो मान आपला असल्याचं सांगत होतं, पण त्याला आधार देणारा कागद कुणी दाखवू शकलं नाही. या शतकाच्या सुरुवातीला चिलिकॉथीच्या वर्तमानपत्राचे जुने अंक चाळताना १९२८ ची ती बातमी सापडली आणि गावाला स्वतःचा इतिहास कळला. आता गाव स्वतःला स्लाइस ब्रेडचं माहेर म्हणवतं आणि मिझुरी राज्यानं ७ जुलै हा स्लाइस ब्रेडचा दिवस ठरवलाय.

बेंचच्या बेकरीतलं पहिलं मशीन तर सहा महिन्यांतच संपलं होतं. पापेनडिककडचं दुसरं टिकलं. रोवेडरच्या मुलीनं ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं. गाव जागं झाल्यावर स्मिथसोनियननं ते चिलिकॉथीच्या छोट्या संग्रहालयाला उसनं दिलं. तिथं ते बघायला मिळतं, कागदोपत्री अजून उसनंच.